व्हिसा नको म्हणून एक अक्षर

माझ्या पीएच.डी.चा विषय काय, असं कोणी विचारलं की मी 'व्हिसा' असं एका शब्दात सांगून मोकळी होते. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला: "मग शेंगेनचा लवकर मिळवायची काही युक्ती आहे का गं?" नाही. माझा व्हिसा १९३८ सालचा आहे, आणि गंमत म्हणजे तो शेवटपर्यंत लागू झालाच नाही. स्वित्झर्लंड आणि जर्मनी या दोन शेजाऱ्यांनी तो टाळला. तो टाळण्यासाठी त्यांनी जे केलं, त्याभोवती माझ्या प्रबंधाचं एक प्रकरण फिरतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. पहिल्या महायुद्धापूर्वी पश्चिम युरोपात एका देशातून दुसऱ्यात जायला पासपोर्ट सहसा लागत नसे. व्हिएन्नाचा लेखक स्टीफन झ्वाइग याने आत्मचरित्रात लिहिलंय की १९१४ आधी तो पासपोर्टशिवाय भारतात आणि अमेरिकेत जाऊन आला होता, आणि हे ऐकून पुढच्या पिढीतली मुलं चकित होत. अर्थात हे चित्र थोडं गुलाबी आहे. रशिया आणि ऑटोमन साम्राज्य तेव्हाही कागद मागत, आणि खिशात पैसे असलेल्या लेखकाला जे मोकळं रान होतं ते कामाच्या शोधात भटकणाऱ्या मजुराला नव्हतं. पण मोकळीक होती, हे खरं.

युद्ध आलं आणि हेरांच्या भीतीने सगळ्यांनीच सीमांवर पासपोर्ट आणि व्हिसा सुरू केले. तात्पुरते, असं सगळे म्हणाले. युद्ध संपलं, कागद राहिले. १९२० साली राष्ट्रसंघाने पॅरिसमध्ये परिषद भरवली ती हे निर्बंध सैल करण्यासाठी. त्यातून मुख्यतः निघालं काय, तर सगळ्यांसाठी एकसारख्या नमुन्याची पासपोर्ट-पुस्तिका! व्हिसा मात्र हळूहळू कमी झाले, ते शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी आपापसात करार केले म्हणून. असाच करार जर्मनी आणि स्वित्झर्लंडने १९२६ साली केला. त्यानंतर जर्मन माणूस नुसता पासपोर्ट दाखवून बाझेलला उतरू शकत होता.

इथे जरा थांबून एक गोष्ट नीट पाहू, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. पासपोर्ट तुमचं सरकार देतं, व्हिसा समोरचं सरकार देतं. व्हिसा म्हणजे पाहुणा निघण्याआधीच यजमानाने त्याच्या गावी जाऊन केलेली चौकशी. दोन देश 'आपल्यात व्हिसा नको' असं ठरवतात तेव्हा यजमान ही चौकशी सोडून देतो आणि म्हणतो, तुम्ही ज्याला पासपोर्ट दिलात तो आम्हाला चालेल. म्हणजे व्हिसामाफी हा निव्वळ मोकळेपणा नसतो. शेजाऱ्याच्या पासपोर्ट-कचेरीवर टाकलेला तो विश्वास असतो. ती कचेरी बदलली, तर?

मार्च १९३८मध्ये ती बदलली. १२ तारखेला जर्मन सैन्य ऑस्ट्रियात शिरलं आणि ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाला. व्हिएन्नात ज्यूंवर भर रस्त्यात अत्याचार सुरू झाले आणि जो तो बाहेर पडायची वाट शोधू लागला. स्वित्झर्लंडची सीमा ऑस्ट्रियाला लागून, आणि ऑस्ट्रियन पासपोर्टलाही तोवर व्हिसा लागत नव्हता. स्विस मंत्रिमंडळाने दोन आठवड्यांत, २८ मार्चला, निर्णय घेतला: १ एप्रिलपासून ऑस्ट्रियन पासपोर्टवर येणाऱ्यांना व्हिसा सक्तीचा.

या घाईमागे जुनी भीती होती. १९१० साली स्वित्झर्लंडच्या लोकसंख्येत जवळपास १५ टक्के परदेशी होते आणि 'परक्यांची गर्दी' हा तिथल्या राजकारणातला नेहमीचा शब्द झाला होता. १९१७ साली परदेशी लोकांवर लक्ष ठेवणारं स्वतंत्र पोलीस खातं निघालं. पहिल्या वर्षांपासून ते ज्याच्या हाती होतं तो हाइनरिश रोटमुंड १९३८ साली संघीय पोलीस विभागाचा प्रमुख होता. तो नाझी नव्हता, नाझींबद्दल त्याला तिटकाराच होता. पण स्वित्झर्लंडमध्ये ज्यूंची संख्या वाढू नये, हे तो वर्षानुवर्षं आपलं कर्तव्य समजून करत आला होता. या दोन गोष्टी एकाच माणसात नांदू शकतात, हे या कागदांत पुन्हा पुन्हा दिसतं आणि दर वेळी मला ते पचवायला वेळ लागतो. (स्विस परराष्ट्र व्यवहाराची बरीच कागदपत्रं आता छापील खंडांत आणि ऑनलाइन कोणालाही वाचता येतात. जर्मन येत असेल तर जरूर वाचा. सरकारी भाषेत किती काय लपतं ते कळेल.)

एप्रिलचा तोडगा फार दिवस टिकणार नव्हता. ऑस्ट्रिया नावाचा देशच उरला नव्हता, त्यामुळे ऑस्ट्रियन पासपोर्ट बाद करून त्याऐवजी जर्मन पासपोर्ट द्यायचं बर्लिनने ठरवलं. आणि जर्मन पासपोर्टला १९२६च्या कराराने व्हिसा लागत नव्हता! म्हणजे व्हिएन्नातला जो ज्यू एप्रिलमध्ये अडवला गेला, तोच नव्या पासपोर्टवर कायदेशीरपणे आत येऊ शकणार होता. पासपोर्ट पाहून सीमेवरच्या शिपायाला हा ज्यू आहे की नाही हे कळायला काही मार्ग नव्हता. आडनावावरून अंदाज बांधायचा, तेवढाच.

जुलैमध्ये निर्वासितांच्या प्रश्नावर एव्हियाँला आंतरराष्ट्रीय परिषद झाली. ती आपल्या भूमीवर नको, असं स्वित्झर्लंडने कळवल्यामुळे जिनिव्हा सरोवराच्या पलीकडच्या फ्रेंच काठावर ती भरली. रोटमुंड तिथे स्वित्झर्लंडचा प्रतिनिधी होता. बहुतेक देशांनी सहानुभूती दाखवली आणि दारं होती तशीच ठेवली. १९ ऑगस्टला स्विस मंत्रिमंडळाने सीमा बंद केली: व्हिसा नसलेल्या निर्वासिताला परत पाठवायचं.

पण जर्मन पासपोर्टचा प्रश्न तसाच होता. त्यावर दोन उपाय होते.

पहिला सरळ होता. १९२६चा करार मोडायचा आणि सगळ्या जर्मनांना व्हिसा लावायचा. ब्रिटनने मे १९३८मध्ये जर्मन आणि ऑस्ट्रियन पासपोर्टसाठी हेच केलं होतं. त्यामागचा हेतू काही उदात्त नव्हता. कोणाला येऊ द्यायचं हे ब्रिटिश कचेरीला आधीच, बंद दाराआड ठरवता यावं, हाच होता. पण निदान ती निवड ब्रिटनची होती आणि अट वरकरणी तरी सगळ्या जर्मनांना सारखी होती. रोटमुंडचा स्वतःचा कलही याच उपायाकडे होता आणि ऑगस्टअखेर स्विस सरकारने करार मोडण्याचा इरादा बर्लिनला कळवला.

बर्लिनला हे अजिबात नको होतं. सगळ्या जर्मनांना शेजाऱ्याच्या दारात व्हिसासाठी रांगेत उभं करणं म्हणजे नव्या महासत्तेची नाचक्की. शिवाय सीमेवरची रोजची ये-जा आणि व्यापार होताच. पलीकडे स्विस बाजूलाही जर्मन पर्यटक आणि व्यापारी हवे होते, आणि एवढ्या बलाढ्य शेजाऱ्याला दुखवायची कोणाची तयारी नव्हती. मग दुसरा उपाय पुढे आला. व्हिसामाफी ठेवा, पण ज्यूंच्या पासपोर्टवर अशी खूण करा की ती पाहताच कळेल.

२७ ते २९ सप्टेंबरला रोटमुंड बर्लिनमध्ये होता. २९ला करारपत्रावर सह्या झाल्या. तारीख ओळखीची वाटली असेल, तर त्याच दिवशी म्युनिकमध्ये हिटलर, चेंबरलेन, दलादिए आणि मुसोलिनी चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडायला बसले होते. सारा युरोप तिकडे डोळे लावून असताना पासपोर्टच्या शिक्क्यासारख्या बारक्या कारकुनी गोष्टीकडे कोण बघतो? ४ ऑक्टोबरला स्विस मंत्रिमंडळाने करार मंजूर केला. दुसऱ्याच दिवशी, ५ ऑक्टोबरला, जर्मनीत हुकूम निघाला: ज्यूंचे सगळे पासपोर्ट रद्द. ते दोन आठवड्यांत जमा करायचे. परदेश प्रवासासाठीचा पासपोर्ट पुन्हा वैध व्हायचा तो त्यावर शिक्का बसल्यावरच. शिक्का कसला, तर 'यूडे' म्हणजे ज्यू या जर्मन शब्दाचं पहिलं अक्षर. आपण इंग्रजीत ज्याला 'जे' म्हणतो ते. पहिल्या पानावर, लाल शाईत, साधारण तीन सेंटिमीटर उंच.

अक्षर नसलेल्या जर्मनाला स्वित्झर्लंडचं दार पूर्वीसारखंच उघडं राहिलं. अक्षर असलेल्याला राहण्याचा किंवा देशातून पुढे जाण्याचा स्विस परवाना आधी काढल्याशिवाय प्रवेश नाही. म्हणजे व्हिसा आलाच, फक्त एका गटापुरता. आणि त्या गटात कोण मोडतं, हे ठरवणार न्यूरेंबर्गचे वंश-कायदे. शेजाऱ्याचा सगळ्यात काळा कायदा स्वित्झर्लंडच्या सीमेवर प्रवेशाची अट होऊन बसला, तोही सह्यानिशी.

करारात आणखी एक कलम होतं, परस्परतेचं. जर्मनीत येणाऱ्या स्विस ज्यूंच्या बाबतीत आपणही असंच काही मागू शकतो, हा हक्क जर्मनीने राखून ठेवला. रोटमुंडला नेमकं हेच खुपत होतं. आपल्याच नागरिकांत आपण धर्मावरून भेद मान्य करतोय, हे त्याने वरिष्ठांना लिहून कळवलं होतं. त्याचा आक्षेप असा कायद्याच्या अंगाने होता. पण सही करायला बर्लिनला गेला तो तोच.

या कलमाला एक इतिहास आहे आणि तो मला फार बोलका वाटतो, म्हणून थोडं आडवळण. स्विस ज्यूंना देशात कुठेही राहायचा समान हक्क मिळाला तो १८६६ साली, आणि तो मिळायलाही एक शेजारीच कारण झाला होता. १८६४ साली फ्रान्सबरोबर करार करताना फ्रान्सने अट घातली की आमच्या सगळ्या नागरिकांना, ज्यूंनाही, तुमच्याकडे वास्तव्याचा हक्क हवा. स्वित्झर्लंडने मान्य केलं. मग लक्षात आलं की पॅरिसहून आलेल्या ज्यूला स्वित्झर्लंडमध्ये जे हक्क मिळणार, ते तिथे जन्मलेल्या ज्यूलाही नाहीत! ही शोभा टाळण्यासाठी दोन वर्षांनी राज्यघटना बदलावी लागली. शेजाऱ्याशी केलेल्या कराराने एकदा हक्क आणले होते. ७२ वर्षांनी दुसऱ्या शेजाऱ्याशी केलेल्या कराराने तेच हक्क तारण ठेवले.

आता सगळ्यांना हवा असलेला प्रश्न: हे अक्षर सुचलं कोणाला? १९५४ साली, पराभूत जर्मनीच्या परराष्ट्र खात्याची कागदपत्रं प्रसिद्ध होऊ लागल्यावर, 'बेओबाख्टर' या स्विस नियतकालिकाने बोट दाखवलं ते थेट रोटमुंडकडे. देशात खळबळ माजली. सरकारने कार्ल लुडविग यांच्याकडे चौकशी सोपवली आणि त्यांचा अहवाल १९५७मध्ये आला. पुढे १९९६ साली नेमलेल्या बेर्जिए आयोगानेही हा काळ पुन्हा खणून काढला. कल्पना स्विस की जर्मन, खुणेचा विचार आधी कोणी मांडला, यावर इतिहासकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. वाटाघाटींत ज्यूंच्या पासपोर्टवर खूण करण्याची तयारी जर्मन बाजूने दाखवली आणि स्विस बाजूने ती स्वीकारली, इतपत आता बहुतेकांना मान्य आहे.

मला स्वतःला 'कोणाला सुचलं' हा प्रश्न चुकीच्या जागी उभा आहे असं वाटतं. जर्मनीत ज्यूंना कागदोपत्री वेगळं काढण्याचं काम आधीच जोरात चाललं होतं. त्यांच्यासाठी ओळखपत्र सक्तीचं करणारा हुकूम जुलैमध्ये निघाला होता. पुरुषांनी 'इस्राएल' आणि बायकांनी 'सारा' हे नाव लावण्याचा ऑगस्टमध्ये. शिक्के आणि अक्षरं शोधायला बर्लिनला कोणाची मदत लागत नव्हती. प्रश्न असा आहे की बाकीच्यांसाठी व्हिसामाफी टिकवायची म्हटल्यावर अशा एखाद्या खुणेवाचून चालणार होतं का? नव्हतं. चौकशी आपण करायची नाही, पण काही लोक मात्र नकोत, असं म्हटलं की त्यांना वेगळं काढायचं काम शेजाऱ्यावर पडतं. आणि शेजारी ते आपल्या पद्धतीने करतो. स्वीडननेही त्याच महिन्यांत जर्मनीशी याच विषयावर बोलणी करून त्याच अक्षराचा आधार घेतला. तिथे रोटमुंड नव्हता. तिथेही व्हिसामाफी होती.

हे अक्षर स्विस सीमेपुरतं राहणारही नव्हतं. पासपोर्ट एकच असतो. बाझेलसाठी मारलेला शिक्का जगातल्या प्रत्येक वकिलातीच्या खिडकीत दिसणार. व्हिएन्नाहून त्या सुमारास निघालेली काही माणसं मुंबईलाही पोचली. चित्रकार वॉल्टर लँगहॅमर त्यांतले एक. त्यांची पत्नी ज्यू होती. 'टाइम्स ऑफ इंडिया'त कला-संचालक झालेल्या लँगहॅमरांच्या घरी पुढे मुंबईच्या 'प्रोग्रेसिव्ह' चित्रकारांचं येणं-जाणं होतं. आपल्याकडे ही गोष्ट कलेच्या इतिहासात सांगितली जाते. पासपोर्टच्या इतिहासातही तिला जागा आहे, एवढंच म्हणते आणि पुन्हा सीमेवर येते.

कारण सीमेवर एक माणूस होता ज्याच्याशिवाय ही गोष्ट अर्धी राहील. ऑस्ट्रियाच्या पश्चिम टोकाला होहेनएम्स नावाचं गाव आहे. पलीकडे स्वित्झर्लंडच्या सांक्ट गालेन कँटनमधलं डीपोल्ड्साउ. १९२३ साली पुराच्या बंदोबस्तासाठी ऱ्हाइनचं पात्र इथे सरळ केलं. नदी डीपोल्ड्साउच्या पश्चिमेकडून वाहू लागली, पण सीमा जुन्या पात्रातच राहिली. त्यामुळे इथे सीमा म्हणजे फारसं पाणी नसलेला जुना ऱ्हाइन. १९३८च्या उन्हाळ्यात आणि त्यानंतरही निर्वासित रात्री तो ओलांडून येत. डीपोल्ड्साउमधल्या एका बंद पडलेल्या भरतकामाच्या कारखान्यात त्यांची छावणी होती. त्यांचा खर्च स्वित्झर्लंडमधल्या ज्यू समाजाने उचलायचा, असं सरकारने ठरवलं होतं. हा समाज होता अवघ्या १८ हजारांच्या आसपास! सांक्ट गालेनमध्ये ही मदत सांभाळणारे सिडनी ड्रायफुस यांची मुलगी रुथ ड्रायफुस १९९९ साली स्वित्झर्लंडची पहिली महिला राष्ट्राध्यक्ष झाली.

सांक्ट गालेनच्या पोलिसांचा प्रमुख होता पाउल ग्र्युनिंगर. पूर्वीचा फुटबॉलपटू. १९१५ साली स्विस विजेता ठरलेल्या ब्र्यूल संघातून खेळलेला. १९ ऑगस्टनंतर आलेल्यांना परत पाठवायचं, असा वरून आदेश होता. त्याने काय केलं, तर नोंदवहीत आणि अर्जांवर लोकांच्या येण्याच्या तारखा १९ ऑगस्टच्या आधीच्या घातल्या. बस्स, तारीख मागे. शेकडो माणसं त्यामुळे कागदोपत्री वेळेत आलेली ठरली आणि राहू शकली. नेमकी किती, यावर आजही वाद आहे.

१९३९च्या वसंतात हे उघडकीला आलं आणि त्याला नोकरीतून काढून टाकलं. १९४०च्या अखेरीस न्यायालयाने कर्तव्यात कसूर आणि कागदपत्रांत फेरफार, या आरोपांखाली त्याला दोषी ठरवून ३०० फ्रँकचा दंड केला. दंड किरकोळ होता. पेन्शन गेली ती कायमची. पुढचं आयुष्य त्याने मिळेल ते काम करत ओढग्रस्तीत काढलं. १९४१च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीने देशाबाहेर राहणाऱ्या आपल्या ज्यूंचं नागरिकत्वच काढून घेतलं, तेव्हा ते लाल अक्षराचे पासपोर्टही रद्दी झाले. ऑगस्ट १९४२मध्ये, पूर्वेकडच्या कत्तलींच्या बातम्या बर्नपर्यंत पोचल्या असताना, स्विस सीमा पुन्हा घट्ट बंद झाली. युद्धाच्या वर्षांत स्वित्झर्लंडने सुमारे ५१ हजार नागरी निर्वासितांना आसरा दिला, त्यांत साधारण २१ हजार ज्यू होते. हे विसरून चालणार नाही. सीमेवरून परत पाठवलेल्यांचा बेर्जिए आयोगाने धरलेला आकडा २४ हजारांच्या वर जातो. त्यांत ज्यू किती, यावर अभ्यासक अजून भांडतायत.

इस्राएलच्या याद वाशेम संस्थेने ग्र्युनिंगरचा गौरव केला १९७१ साली. १९७२ साली तो वारला. ७ मे १९९५ रोजी राष्ट्राध्यक्ष कासपार फिलिगर यांनी त्या शिक्क्याबद्दल स्विस सरकारच्या वतीने माफी मागितली. त्याच वर्षी सांक्ट गालेनच्या न्यायालयाने जुना खटला पुन्हा उघडून ग्र्युनिंगरला निर्दोष ठरवलं. ब्र्यूल संघ आज ज्या मैदानावर खेळतो, त्या मैदानाला त्याचं नाव आहे.

पुढच्या लेखात स्वीडनकडे जाऊ. तिथली कागदपत्रं वेगळी आहेत, आणि तिथे सीमेवर नदीच्या जागी बाल्टिक समुद्र आहे.